मधुमेह आणि मधल्या वेळचे खाणे: फिरत्या संदेशातल्या सहा सूचना तपासून पाहू

मधुमेह असणाऱ्यांनी मधल्या वेळी काय खावे, याचा एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्यात सहा सूचना असतात. दर दोन तासांनी काहीतरी खा. साखरेऐवजी मध किंवा खजूर घ्या. ‘शुगर फ्री’ बिस्किटे चालतात. फळे बंद करा, प्यायचाच असेल तर ताजा रस प्या. बदाम-अक्रोड हवे तितके खा. शुगर उतरली की चॉकलेट तोंडात टाका.

संदेशात एकाही पदार्थाचे वजन नाही आणि औषधाचा तर उल्लेखही नाही. मधल्या खाण्याचा निर्णय मात्र याच दोन गोष्टींवर उभा असतो. शेवटची सूचना सगळ्यांत घातक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

‘शुगर उतरली की चॉकलेट खा’

नाही. चॉकलेटमध्ये साखर असते, पण भरपूर चरबीही असते. चरबीमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि साखर रक्तात उशिरा पोहोचते. हातपाय थरथरत असताना हा उशीर परवडत नाही. शिवाय लगेच बरे वाटत नाही म्हणून माणूस खात राहतो आणि तासाभराने शुगर उलट्या टोकाला जाते.

ग्लुकोमीटरवर आकडा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर घ्या. म्हणजे ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्या (एका गोळीत किती ग्रॅम ते वेष्टनावर पाहून), किंवा साखरेचे चार सपाट छोटे चमचे पाण्यात ढवळून, किंवा सुमारे १२० मिलिलिटर फळांचा रस. १५ मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा. आकडा वर आला आणि पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल, तर मगच थोडे पोटभरीचे खाणे. ग्लुकोमीटर हाताशी नसेल आणि घाम, थरथर, धडधड, गोंधळ अशी लक्षणे असतील तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी साखर घ्या.

यात एक अपवाद आहे आणि तो फार जणांना सांगितलाच जात नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात साखरेचे विघटन मंदावलेले असते, कारण ते औषध तेच काम करते. त्यांनी नेहमीची साखर न घेता ग्लुकोजच घ्यावे आणि ते जवळ बाळगावे. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (शुगर वर आणणारे तातडीचे औषध) असेल आणि देता येत असेल तर द्या, आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

‘दर दोन तासांनी खा’

जेवणानंतर शुगर साधारण तास-दीड तासात सर्वांत वर जाते आणि मधुमेहात खाली यायला तीन तास किंवा त्याहून जास्त लागतात. ती उतरत असतानाच पुन्हा खाल्ले की नवी चढण जुन्या चढणीवर बसते. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे लक्ष्य धरतात. दिवसभर थोडे-थोडे खाणाऱ्याला पहिला आकडा गाठणेच अवघड होते.

या सल्ल्याला एक मूळ आहे, ते मान्य करायला हवे. ठरलेल्या वेळी जोर येणारे मिश्र इन्सुलिन, किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण लांबले तर शुगर उतरू शकते. दोन जेवणांत चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर पडणार असेल किंवा जास्त चालणे, अंगमेहनत होणार असेल, तर त्यांना मधले खाणे लागते. गरोदरपणातल्या मधुमेहातही छोटी जेवणे आणि मधली खाणी विभागून देतात. पण फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर त्या गोळीमुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरणे विरळाच. त्याला भूक नसताना खाण्याचे कारण नाही.

आणि शुगर वारंवार उतरत असेल तर डॉक्टरांशी बोलून डोस बदलायला हवा. औषधाला पुरे पडावे म्हणून खाणे वाढवत गेलात तर वजन वाढते आणि मग डोसही वाढवावा लागतो. हे चक्र आम्हाला फार गंभीर वाटते.

‘साखरेऐवजी मध, खजूर’

मोठा चमचाभर मध सुमारे २१ ग्रॅम भरतो आणि त्यात १७ ग्रॅम कर्बोदके असतात. तोच चमचा साखरेने भरला तर १२-१३ ग्रॅम. म्हणजे चमच्यास चमचा बदलला तर शुगर वाढवणारा भाग जास्तच पोटात जातो. एका मोठ्या मऊ खजुरात १८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, लहान वाळलेल्यात ५ ते ६. खजुरात तंतू आहेत, हे खरे, पण तीन मोठे खजूर म्हणजे पन्नासेक ग्रॅम कर्बोदके, हेही तितकेच खरे.

‘शुगर फ्री बिस्किटे चालतात’

बिस्किट मुख्यतः पिठाचे असते, आणि पिठातल्या स्टार्चचे पोटात ग्लुकोजच होते. साखर काढली तरी १०० ग्रॅम बिस्किटांत साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके राहतात. आठ-आठ ग्रॅमची चार बिस्किटे खाल्ली की २१-२२ ग्रॅम झाली.

वेष्टनावर आधी पाहा की दिलेले आकडे किती ग्रॅमसाठी आहेत. मग ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचा. ‘त्यापैकी साखर’ शून्य असली तरी वरचा आकडा शून्य होत नाही. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) असेल तर ते ग्लुकोजइतक्याच वेगाने शुगर चढवते. माल्टिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य साखरेपेक्षा कमी चढवते, पण चढवतेच, आणि जास्त झाले तर पोट फुगते, जुलाब होतात. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज ही गोडी आणणारी द्रव्ये स्वतः शुगर वाढवत नाहीत. अडचण त्यांच्याबरोबर येणाऱ्या पिठाची आहे.

‘फळे बंद, रस चालेल’

हे नेमके उलटे आहे. एका पेल्यातल्या, म्हणजे २४० मिलिलिटर संत्र्याच्या रसात सुमारे २६ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तंतू जवळजवळ नसतात. तो दोन मिनिटांत पिऊन होतो. त्याऐवजी १५ ग्रॅमची वाटणी लक्षात ठेवा: एक मध्यम संत्रे, किंवा एक छोटे सफरचंद, किंवा अर्धे मोठे केळे, किंवा कलिंगडाच्या २०० ग्रॅम फोडी. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ शुगर किती चढवतो त्याचा आकडा) जास्त म्हणून ते टाळणारे पुष्कळ आहेत. तो आकडा साधारणपणे ५० ग्रॅम कर्बोदकांवर मोजतात आणि तेवढ्यासाठी सहाशे ग्रॅमहून जास्त कलिंगड खावे लागेल. फळ जेवणाला जोडून खाल्ले तर जेवणाच्या कर्बोदकांत भर पडते, म्हणून ते वेगळ्या वेळी बरे.

‘बदाम-अक्रोड हवे तितके’

शुगर फारशी वाढत नाही, हे बरोबर. पण १०० ग्रॅम बदामांत सुमारे ५८० किलोकॅलरी आहेत. ३० ग्रॅम, म्हणजे तेवीस-चोवीस बदाम, वाटीत काढून घ्या आणि डबा बंद करा. बिनमिठाचेच निवडा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे हे प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मग खायचे काय? मधल्या खाण्यात १५ ग्रॅमपर्यंत कर्बोदके आणि सोबत थोडी प्रथिने, एवढे धरून चाला. उकडलेले अंडे आणि छोटे सफरचंद, साधे दही आणि अर्धे केळे, अर्धी वाटी उकडलेले हरभरे. प्रथिनांमुळे चढण सौम्य होते, कर्बोदके मात्र मोजावीच लागतात.

तुमच्या शरीरात एखादा पदार्थ कसा वागतो हे पाहायचे असेल तर खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर मोजा. या दोन तासांत दुसरे काही खाऊ नका, वेगळा व्यायाम करू नका, आणि मोजण्याआधी हात धुवा, कारण बोटाला लागलेला फळाचा रस आकडा फुगवतो. दोन आकड्यांत ५० पेक्षा जास्त फरक आला तर पुढच्या वेळी प्रमाण अर्धे करून त्याच वेळी पुन्हा मोजा. तरीही फरक तेवढाच राहिला, तरच तो पदार्थ यादीतून काढा.