दोऱ्याचा माकूल

क्रोशाला लागतं काय? एक सुई आणि एक गुंडा. हे खरं आहे, पण लग्नाला दोन हार पुरतात म्हणण्याइतकंच खरं.

मे महिन्यात आमच्या नातीने हर्णैच्या बंदरावर लिलावात माकूल, म्हणजे स्क्विड, बघितला आणि फर्मान काढलं की असाच, पण न शिजवायचा, आजोबांनी विणून द्यायचा. आजीने मोतीबिंदूचं कारण सांगून अंग काढून घेतलं. त्याच डोळ्यांना मालिकेतल्या सुनेच्या साडीचा काठ मात्र लख्ख दिसतो.

भर पावसात दापोलीच्या बाजारपेठेतलं कटलरीचं दुकान गाठलं. "वहिनींना कितीची हवी?" दुकानदाराने विचारलं. मलाच हवी म्हटल्यावर त्याने गल्ल्यावरच्या मुलाकडे बघितलं, मुलाने माझ्याकडे. मग पोलादी सुयांचा डबा पुढे आला. या सुया तोरणा-रुमालाच्या बारीक दोऱ्यासाठी. त्यांचा नंबर जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक! हा हिशोब ज्याने बसवला तो गणिताचा मास्तर नसावा. मी होतो, म्हणून सांगतो. मापाच्या बाबतीत मिलिमीटरवर विश्वास ठेवावा. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे पोलादी सुईचा काय पाड? गंजली की पांढऱ्या दोऱ्यावर तांबडा डाग. ॲल्युमिनियमची बरी.

शिकाऊ हाताला चार-पाच मिलिमीटरची सुई सोपी जाते. बाहुलीला मात्र दोऱ्याच्या पट्टीवर लिहिलेल्या मापापेक्षा बारीक घ्यायची, नाहीतर टाक्यांच्या फटीतून आतला कापूस डोकावतो. पट्टीवर चार होतं, मी तीन मागितली. डब्याच्या तळाशी, कानातल्यांच्या फिरक्यांखाली, ती सापडली.

दोऱ्याचं नाटक वेगळंच. दुकानदाराला त्याची केसाळ, टिकल्यांची लोकर खपवायची होती. तसल्या लोकरीत टाका शोधणं म्हणजे शिक्षा. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, आणि काळ्या रंगाच्याही. जुलैत इथे पापड नरम पडतात, लोकरीला तर ओल्या कुत्र्याचा वास येतो. गुळगुळीत, फिक्या रंगाचा सुती गुंडा घेतला. एकाच लॉटचे दोन हवे होते, कारण लॉट बदलला की तोच रंग थोडा निराळा निघतो. "एकच आहे, काका. पुरेल की!" दुकानदार म्हणाला. त्याने जन्मात माकूल विणलेला नव्हता.

बाकीचं सामान घरात मिळतं, असं शिकवणारे सांगतात. त्यांच्या घरात मिळत असेल. आमच्या कात्रीने सुक्या बोंबलांची शेपटं कापली जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी दोरा कापताच मांजर येऊन मांडीवर बसलं. गोल विणताना फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवावी लागते. बायकोच्या बांगडीतली सेफ्टी पिन त्याला उत्तम. मात्र ऐन हळदीकुंकवाला निघताना तिला पदराची पिन सापडली नाही आणि ती सरळ माझ्या हातातल्या फेरीतून काढली गेली. सुटलेली टोकं लपवायला बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई लागते. घरात निघालं पोती शिवायचं दाभण.

बोथट सुईसाठी शेजारच्या तांडेलांकडे गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ते पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेले. त्यांनी माझी क्रोशाची सुई उजेडात धरली, अंगठा टेकवायच्या चपट्या जागेवरून बोट फिरवलं, आकडी नखाने चाचपली.
"मास्तर, हिला नाकच नाय!"
"नसतंच. आकडीत दोरा धरून ओढायचा."
मी साखळी घालून दाखवली, मग मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका. त्यांनी माझ्या डाव्या हातातला दोरा करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवर आणला. "आता दोऱ्याला सारखा ताण येईल." इतके दिवस व्हिडिओतली बाई जे कानीकपाळी ओरडत होती, ते यांनी एका वेढ्यात उरकलं.

डोकं तयार झालं. त्यात जुन्या उशीतला सावरीचा कापूस भरला. निम्मा माकुलात, निम्मा माझ्या नाकात. मग हातपाय. व्हिडिओ ऑक्टोपसचा, म्हणून आठ केले आणि गुंडा बरोबर संपला. मोठ्या ऐटीत तांडेलांना दाखवायला नेला.

"दोन कमी हायत," ते म्हणाले. "माकुलाला दहा. त्यातले दोन लांब."

पुन्हा एसटी, पुन्हा कटलरी. दुसरा गुंडा आला होता, लॉट अर्थातच दुसरा. दोन लांब हात पिवळट निघाले. नातीला काय सांगायचं, या विवंचनेत मी पडवीत बसलो, तर तांडेलांनी माकूल उलटासुलटा करून बघितला.

"घाबरता काय? जिवंत माकूल तर डोळ्यांदेखत रंग बदलतो. पोरीला सांगा, हा आताच बदलायला लागलाय."