कंसात गेलेली तीन नावे

आज दुपारी भाच्याचा फोन आला. त्याने सातारा शहरालगत बिगरशेती प्लॉटवरचे एक जुने बैठे घर पसंत केले आहे, व्यवहार साठ लाखांचा आहे आणि पुढच्या आठवड्यात साठेखत, म्हणजे खरेदीआधीचा विक्रीचा करार, करायचे ठरले आहे. मी विचारले, "सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध अहवाल, वाचलास का?" तर म्हणाला, "मावशी, बँकेच्या वकिलाने सर्च घेतलाय, टायटल क्लिअर आहे. आता आपण वेगळा वकील करून पैसे कशाला घालवायचे?" त्याच घराच्या ओट्याचा दगड बघण्यात याने दोन रविवार घातले आणि ते घर मुळात कोणाचे आहे हे सांगणारी दहा पाने वाचायला मात्र याला सवड झाली नाही, याचा मला मनापासून राग आला आहे.

बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहतो. त्याचा अहवाल बँकेच्या फायलीत जातो आणि कर्जदाराच्या हाती बहुधा पडतही नाही. 'क्लिअर' हा शब्द ऐकून आपण निश्चिंत होतो, परंतु तो शब्द म्हणजे शोध नव्हे, शोधाच्या शेवटी मारलेला शेरा आहे.

२०१३ मध्ये आम्ही आमचे घर घेतले तेव्हा आम्हालाही असेच वाटत होते. आमच्या वकीलबाईंनी तीस वर्षांचा शोध घेतला. तीसच का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे आणि सरकारला दावा लावायचा असेल तर त्याचीही तेवढीच. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीच्या, नोंदी त्यांनी वर्षावार पाहिल्या, तलाठ्याकडचे फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी, काढले, आणि मग एके दिवशी आम्हाला बोलावून टेबलावर दोन सातबारे शेजारी शेजारी ठेवले. संगणकावरचा उतारा अगदी स्वच्छ होता : मालक दोन भाऊ, इतर हक्कात काही नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर मात्र इतर हक्काच्या रकान्यात तीन बायकांची नावे होती, तिन्ही नावे निळ्या शाईने कंस करून कमी केलेली होती आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक होता.

त्या दोन भावांचे वडील १९८७ साली वारले तेव्हा मुलांची नावे कब्जेदार, म्हणजे मालक, म्हणून आणि मुलींची इतर हक्कात लागली होती. चार वर्षांनी, बहिणींनी हक्क सोडल्याच्या साध्या अर्जावरून, तिन्ही नावे कमी झाली. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, आणि सूचीत तसा एकही दस्त नव्हता. म्हणजे नावे कागदावरून गेली होती, हक्क गेला नव्हता, कारण फेरफार हा महसुलाच्या सोयीसाठी असतो, त्याने कोणी मालक होत नाही आणि कोणाची मालकी संपतही नाही.

हे लिहितानाही संताप येतो. मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे, हे १९५६ पासून हिंदू वारसा कायद्यात लिहिलेले आहे. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला आणि वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही घराघरांतून बहिणींची नावे अशी कंसात जातात, आणि घर घेणारे आपण चांगल्या घरातली माणसे उताऱ्यावर नाव नाही म्हणून तो विषयच काढत नाही.

शोध अहवालात सगळे कळते असे नाही, हे मान्य करते. नोंद न झालेले मृत्युपत्र किंवा तोंडी वाटणी त्यात दिसत नाही. हल्ली बरेच काही घरबसल्या ऑनलाइन पाहता येते हेही खरे, परंतु मुंबईबाहेर तो ऑनलाइन शोध २००२ च्या मागे जात नाही आणि आमची गोष्ट १९९१ मध्ये घडलेली होती.

त्या तिघींपैकी थोरल्या बाईंना आम्ही जाऊन भेटलो. भांडण होईल अशी भीती वाटत होती. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा टाकला. अर्जाची प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "सही माझीच आहे. राखीला आला होता, तेव्हा सोसायटीच्या कर्जाला लागते म्हणून घेतली होती." भावाबद्दल त्या वाकडा शब्द बोलल्या नाहीत. निघताना एवढेच विचारले, "मागच्या बाजूची विहीर अजून आहे का हो?" विहीर बुजवलेली होती. ते सांगताना माझ्याने त्यांच्याकडे बघवले नाही.

आमचे खरेदीखत सात महिने लांबले, भाऊ आमच्यावर चिडले, भाड्याच्या घराचे भाडे त्या काळात भरावे लागले. परंतु त्या दस्तात तिन्ही बहिणी 'संमती देणार' म्हणून नव्हे, तर 'लिहून देणार', म्हणजे स्वतः विकणाऱ्या मालक, म्हणून आल्या आणि प्रत्येकीच्या हिश्श्याचा धनादेश तिच्या स्वतःच्या नावाने निघाला. त्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या बाकावर तिघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि थोरल्या बाईंनी अंगठ्याचा ठसा देण्याआधी पदराने बोट दोनदा पुसले होते.

भाच्यावर मी फोनवर फार आवाज चढवला, त्याचे आता वाईट वाटते. संध्याकाळी त्याने सातबाऱ्याचा फोटो पाठवला. उतारा स्वच्छ आहे, मालक एकच. मी त्याला जुने हस्तलिखित उतारे आणि वारसाचा फेरफार काढायला सांगितले आहे, आणि सोमवारी आमच्या वकीलबाईंकडे मी स्वतः त्याच्याबरोबर जाणार आहे. घरमालकाला बहिणी किती, हे विचारले तेव्हा तो गप्प झाला. विचारून सांगतो म्हणाला आहे.