हौस आहे, असं सरळ सांगा की!

रविवारच्या सायकल राईडनंतर मिसळीच्या टेबलावर एक विषय हमखास निघतो. नव्या सामानाची घरी किंमत किती सांगितली? कुणी पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो, कुणी नवीकोरी चाकं 'मित्राने जुनी दिली' म्हणून घरात घेतो, आणि सगळे खो खो हसतात. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. एक म्हणजे, त्या टेबलावर बहुतेक वेळा बाई अशी मी एकटीच असते. दुसरं म्हणजे, बायकोला फसवण्यात एवढी अक्कल खर्च करणाऱ्यांनी निम्मी जरी तिला पटवण्यात लावली असती, तरी काम झालं असतं.

आमच्याकडे उलटं आहे. सायकलवाली मी, आणि शंका काढणारे आमचे हे. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मी बँकेत. पगार माझा असला तरी घर एकाच हिशेबात चालतं, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्या हिशेबातला बराचसा पैसा औषधांना जातो. एका रात्रीच्या पावसाने बागेवर डावणी रोग येईल का, या काळजीत असलेल्या माणसासमोर 'अहो, नवीन कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) घ्यायची होती' हे वाक्य टाकायला काय लागतं, ते बागायतदाराच्या बायकोलाच कळेल.

तर अनुभवाने सांगते, काही युक्तिवाद अजिबात वापरू नका. 'तब्येतीसाठी' हा त्यातला पहिला. तब्येत जुन्या सायकलवरही सुधारते, उलट जास्तच सुधारते, कारण ती ओढायला जड जाते. 'पेट्रोल वाचतं' हेही नको. पहाटे मखमलाबादला जाऊन परत घरीच येणाऱ्या बाईचं कसलं पेट्रोल वाचणार? मोठ्या माणसांची नावं तर मुळीच घेऊ नका. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या गटात पूर्ण केली, हे मी एकदा अभिमानाने सांगून पाहिलं. उत्तर आलं, "ते अमेरिका पार करून आले. तुझं त्र्यंबक व्हायचंय अजून." (त्र्यंबक झालेलं होतं. पण वाद कुठे वाढवायचा.)

चेन बदलायची होती तेव्हा मी बोललेच नाही. गच्चीवर सायकल उलटी केली, चेन मोजायची पट्टी दिली त्यांच्या हातात. या पट्टीला एका बाजूला 0.5 आणि दुसऱ्या बाजूला 0.75 लिहिलेलं असतं. चेन नवी असेल तर पट्टीचं टोक कड्यांमध्ये बसत नाही, वर अडकून राहतं. झिजलेली असेल तर खाली पडतं. 0.75 चं टोक सरळ आत गेलं. यांनी दोनदा काढून पुन्हा घालून पाहिलं. मग मी म्हटलं, औषध फवारायच्या ब्लोअरचं नोझल झिजलं की काय होतं? भोक मोठं होतं, औषध जास्त जातं, आणि थेंब हवा तसा पडत नाही. नोझल स्वस्त, औषध महाग. इथे चेन स्वस्त, कॅसेट महाग. ताणलेली चेन कॅसेटचे दात खाते, आणि एकदा ते खाल्ले गेले की नवी चेनही त्यांवर उड्या मारते, म्हणजे दोन्ही बदला. पुढे काही बोलावं लागलं नाही. "मग एवढे दिवस का थांबलीस?" असं वर ऐकून घ्यावं लागलं.

गिअरचं पटवायला जरा जास्त वेळ लागला. माझ्याकडे पुढे लहान चकती 34 दातांची आणि मागे सगळ्यात मोठी 28 ची होती. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक जवळपास सव्वा वेळा फिरणार. सपाटीला ठीक आहे, पण नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट लागला की हे गणित सगळं गुडघ्यावर येतं. मागे 34 ची घेतली की एका फेरीला चाकाची एकच फेरी. पाय त्याच लयीत ठेवून ताशी नऊ किलोमीटरऐवजी साडेसातने चढता येतं. हो, वेग कमी होतो. जास्त पैसे देऊन हळू जायचं, हे ऐकून यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! पण ट्रॅक्टरला लो गिअर कशाला असतो, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. एक सूचना मात्र देते. मागे 34 लावायची तर बऱ्याच सायकलींना लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि जास्त लांबीची चेन लागते. तो खर्च आधीच सांगा. नंतर निघालेल्या खर्चानेच घरात भांडणं होतात.

टायरबद्दल वाद झालाच नाही. सिंहस्थासाठी सगळं शहर खणून ठेवलंय, त्यात 23 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर कोण फिरणार? फ्रेममध्ये जागा असेल तर 28 घाला, हवा थोडी कमी ठेवा, खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटून होणारी पंक्चरं कमी होतील. सीट हा बायकांचा वेगळाच विषय आहे. ती बसायच्या हाडांच्या रुंदीप्रमाणे निवडायची असते आणि त्यात तडजोड करायची नसते, एवढंच इथे लिहिते. बाकी कुणाला हवं असेल तर इनबॉक्समध्ये सांगेन.

आता चाकं. मला चारशे ग्रॅमने हलकी चाकं हवी होती. इथे आमचे हे जे बोलले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. "चारशे ग्रॅम? पाण्याची बाटली अर्धी भरून ने की." मी हिशेब करून पाहिला. मी, सायकल आणि पाणी मिळून पंचाहत्तर किलोच्या घरात. त्यात चारशे ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. तासाभराच्या चढात वीसेक सेकंद वाचतील. सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तोही मुद्दा मी पुढे केला. त्यावर, "काहीच घेतलं नाही तर पूर्ण शंभर टक्के वाचतात."

तेव्हा म्हटलं, ही हौस आहे. उतारावर पायडल थांबवलं की त्या चाकांच्या हबमधून, म्हणजे मधल्या तुंब्यातून, येणारा टर्रर्र आवाज मला आवडतो. किंमत अमुक. खरी किंमत सांगितली, शेवटच्या रुपयापर्यंत. हौसेचं कारण विचारत नाहीत आमच्याकडे. यांनीही दारात बैलजोडी ठेवलीच आहे, सगळी कामं ट्रॅक्टरने होत असताना. मी कधी विचारलं नाही की तिचं उत्पन्न काय.

बायकांच्या हौसेला कारण मागायची सवय मात्र सगळ्यांनाच आहे, हे या निमित्ताने लिहून ठेवते. पुरुषाने कार्बनची सायकल घेतली की 'वा, कुठून घेतली?' आणि मी घेतली की 'अजून चालवतेस?' हा दुसरा प्रश्न मला बायकांनीच जास्त विचारलाय.

निकाल असा लागला की माल निघाल्यावर चाकं घ्यायची, आणि जुनी विकून येतील ते पैसे त्यात धरायचे. तर जुनी चाकं विकायची आहेत. रिम ब्रेकची, दहा स्पीडची, रिम सरळ, बेअरिंग नुकतंच साफ करून ग्रीस भरलेलं. गंगापूर रोडला येऊन बघून जा. किंमत फोनवर कमी होणार नाही, व्यवहार आमचे हे बघणार आहेत.