ग्लोज घातले होते का म्हणे

परवा आमच्या शेडमध्ये एका हेल्पर पोराचं बोट गेलं. म्हणजे तुटलं नाही, पण लोखंडी बीम आणि त्याखालच्या पॅकिंगच्या, म्हणजे टेकणाच्या, मधे सापडलं, नख उपटलं, पुढचं हाड चेचलं. सेफ्टीवाले साहेब पळत आले आणि पहिला प्रश्न काय, "हॅन्डग्लोज घातले होते का?"

घातले होते की साहेब. ते ठिपक्याठिपक्यांचे सुती, स्टोअरवाला स्वतःच्या घरचे असल्यासारखे मोजून देतो ते. ३०० चा आयएसएमबी, म्हणजे आय आकाराचा ३०० मिमी उंच बीम, मीटरला ४४ किलो, लांबी १२ मीटर, करा गुणाकार, पाचशेच्या वर जातं. त्याच्याखाली बोट सापडल्यावर चामड्याचे ग्लोज घातले काय आणि मेंदी लावली काय. ग्लोज कापलेल्या कडेच्या बारीक काट्यांना, बरीला, ठीक, गॅस कटिंगच्या धारेला ठीक. चेंगरण्याला एकच औषध, हात तिथं असताच कामा नये.

मग हात तिथं का होता? हे कोण विचारणार! पॅकिंगला चांगले जाड लाकडी ठोकळे मागून तोंड दुखलं, उत्तर एकच, "बघतो". हातात काय, तर प्लायवूडचे तुकडे आणि लोखंडी पट्टीचे कटपीस. बीम टेकला की उचलायचा बेल्ट खाली दबतो, निघत नाही, मग परत इंचभर उचल, पॅकिंग सरकव, कशानं, तर हातानं, आणि तेवढ्यात बीम फिरतो कारण टॅगलाइनची, म्हणजे लटकता बीम आवरायची, दोरी ताडपत्री बांधायला गेलीय. ढकलायची काठी आहे ना, पिवळी, ऑडिटच्या दिवशी भिंतीला दिसते, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. त्यात हायड्रा क्रेन तासाच्या भाड्यावर आणलेली, ठेकेदार मागं उभा राहून "घे घे घे", आणि सिग्नल तिघं देणार, त्यातला एक फोन कानाला लावून. असल्यांचा फोन हायड्राच्या चाकाखाली टाकावासा वाटतो मला.

पण खरं डोकं फिरलं ते दुसऱ्या दिवशी. पोरगा कामावर हजर! उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, आणि टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलाय, पुढ्यात एक रजिस्टर. कारण कायदा असा, अपघातानंतर माणूस ४८ तास कामाला मुकला की वर सरकारला कळवावं लागतं. मग मुकूच द्यायचा नाही ना. बरं, हजेरीच्या पंचिंग मशीनला त्याचा उजवा अंगठा फीड केलेला, तो बँडेजमध्ये, डावा मशीन घेईना, तर वॉचमनने हातानं हजेरी लिहिली. लिहिताना पोराला म्हणतो, सही कर. कशानं करू, दातानं? आणि गेटवरचा 'अपघातविरहित दिवस' बोर्ड, त्याच सकाळी एकानं वाढवला. माझ्या डोळ्यादेखत नवीन आकड्याची पाटी अडकवली, वर पुसून पण घेतली फडक्यानं.

रिपोर्टात कारण लिहिलंय: कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: कामगारास समज दिली. त्या प्लायवूडला द्या की समज! पोरगा ठेकेदाराचा, ईएसआय कार्ड, म्हणजे कामगार विम्याचं, 'प्रोसेसमध्ये' आहे, दवाखान्याचं बिल पगारातून कापलं की नाही ते महिनाअखेरीला कळेल.

आता निघालंच आहे तर ड्रिफ्ट पिनचंही ऐका, म्हणजे होलं जुळवायला घालायची निमुळती पिन. पिना स्टोअरमध्ये कुलपात, किल्लीवाला चहाला, मग बोल्टची होलं जुळली का बघायला पोरं बोट घालतात. बीम जरा सरकला की कात्रीच ती. आणि ४ मार्चला सेफ्टी डे, शपथ इंग्रजीत, पोस्टर स्पर्धेत पहिलं बक्षीस डबा. पोस्टरवर काय, हसरा हात. चहा मात्र त्या दिवशी पण पाणचटच.

मी दिवसभर "हात काढ, हात काढ" ओरडतो, तर पोरं मागं मला हातकाढे मामा म्हणतात, माहितीय मला. काल जेवताना लेकानं पातेल्यात हात घातला आणि मी असा ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडलं. बायको म्हणाली, "अहो, वरण आहे ते, हायड्रा नाही."

उद्या लोखंडी चॅनेलची गाडी येतेय. ठोकळ्यांचं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, परचेसकडे पडून आहे, तीन कोटेशन लागतात म्हणे. लाकडाला!