आवळून देतो, साहेब

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात मुद्दाम लाल रंग घालतात. गळलेलं तेल इंजिनाचं की गिअरबॉक्सचं, हे बघताक्षणी कळावं म्हणून. कल्पना उत्तम, पण ज्यानं ती काढली त्यानं आमच्या सोसायटीचं पार्किंग पाहिलेलं नव्हतं. पुण्यात फरशीवर लाल डाग दिसला की त्याचा अर्थ एकच. लगेच जिन्याखाली नोटीस लागली, 'पान खाऊन थुंकणाऱ्यास दंड', आणि बिचारा वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवू लागला.

डाग होता माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा. मेस्त्री पाठीवर सरपटत गाडीखाली गेले आणि तिथूनच बोलले, "चेंबरचं पॅकिंग गेलंय. आवळून देतो, साहेब."

आता खरी गंमत अशी, की गाडी गळत होती ती आवळल्यामुळेच. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या बुडाला लावलेली पातळ पत्र्याची परात. कडेनं बोल्ट, मध्ये कॉर्कचं पॅकिंग. बोल्ट फार पिळला की भोकाजवळचा पत्रा आत दबतो, दोन बोल्टांमधली कड सैल पडते आणि कॉर्क पिचून बाहेर डोकावतो. बहुतेक गाड्यांत या बोल्टना 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. म्हणजे काम मनगटाचं, दंडाचं नव्हे. पण गळतंय म्हणून आवळा, आवळलं म्हणून गळतं, या न्यायानं आधीच्या मालकांच्या सगळ्या मेस्त्रींनी आपापली ताकद त्यावर आजमावलेली होती.

पॅकिंगसाठी नाना पेठ गाठली. "ऑटोमॅटिकचं नाही. मॅन्युअलचं न्या, सेमच असतं," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. इतक्या निर्विकारपणे खोटं बोलणाऱ्याचा मला हेवा वाटतो. शेवटी कॉर्कची शीट घेतली.

चेंबरला ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, नाही. एका बाजूचे बोल्ट सैल करायचे, चेंबर कलंडू द्यायचं आणि बाजूला व्हायचं. मेस्त्री पहिल्या दोन गोष्टींत तरबेज आहेत. उरलेलं तेल ट्रेमध्ये आलं. तेही सगळं नाहीच, बरंचसं इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून राहतं. चेंबरमधल्या लोहचुंबकावर करडा चिखल साठला होता. कपचे नव्हते, नुसती झीज, म्हणजे गिअरबॉक्स शाबूत. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडताना मात्र काळ्या, निळ्या, लाल सिलिकॉनचे थर निघत गेले. प्रत्येक थर म्हणजे एकेका गॅरेजची कारकीर्द.

मेस्त्रींनी चेंबर उलटं करून ठोकत ठोकत कड सरळ केली. मग तिच्यावर शीट ठेवून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी भोकांच्या खुणा काढल्या आणि पॅकिंग असं कापलं, की कंपनीतूनच आल्यासारखं. या कामात त्यांना तोड नाही, हे मान्य करायलाच हवं.

बोल्ट लावायची वेळ आली तेव्हा मी मित्राकडून आणलेला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की टक् वाजणारा पाना, पुढे केला. समोरासमोरचे बोल्ट घेत, थोडंथोडं, टक् वाजलं की थांबायचं.

"एवढंच? हा नुसता नमस्कार झाला बोल्टला!" मेस्त्री कळवळले. त्यांचा हात मोठ्या पान्याकडे वळत होता आणि मी पान्यावर पाय देऊन उभा होतो.

तेल भरलं, गाडी फिरवून गरम केली, इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहिली. आठवड्यानं मेस्त्री आपण होऊन आले. खाली वाकून, बोट फिरवून त्यांनी कड तपासली. बोट कोरडं.

"सध्या थांबलंय," ते मान हलवत म्हणाले. "पण ढिलं आहे हो. रविवारी येतो, नीट आवळून देतो."