बाप्पा हलत नाहीत, हीच अडचण

सोसायटीच्या गणपतीची आरती परदेशातल्या लेकरांना थेट दिसावी म्हणून यंदा कमिटीने पीटीझेड कॅमेरा भाड्याने आणला. पॅन, टिल्ट, झूम. म्हणजे मान वळवायची, वाकवायची आणि डोळे ताणायचे. ‘तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना’ एवढ्या पात्रतेवर जॉयस्टिक माझ्या हातात आली. (मी अकाउंट्समध्ये आहे. टेबलावर कॉम्प्युटर आहे, हे खरं.)

कॅमेरा हॉलच्या छताला उलटा टांगलेला, मी खाली सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉपपुढे. पहिल्यांदा चालू केला तर बाप्पा शीर्षासनात. सेटिंगमध्ये जाऊन चित्र सुलट केलं, पण दिशा उलट्याच राहिल्या. डावीकडे ढकललं की उजवीकडे. दिशांची सेटिंग वेगळ्या पानावर असते, हे तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी गाढवाला हाकतात तसा, हवं त्याच्या उलटं सांगून, कॅमेरा चालवत होतो.

त्यात चित्र दोन सेकंद उशिरा येणार. दांडी ढकलली, काही हललं नाही. अशा वेळी माणूस काय करतो? अजून ढकलतो. मग दोन्ही ढकलण्यांचा हिशेब एकदम लागतो आणि ‘सुखकर्ता दुखहर्ता’ चालू असताना जगभरच्या भक्तांना पंख्याचं दर्शन घडतं. झूम केल्यावर तर विचारूच नका. वाइडला साठेक अंशांचा देखावा दिसतो, वीसपट झूमला जेमतेम ३. तिथे बोट नुसतं थरथरलं तरी बाप्पांच्या डोळ्यावरून थेट ट्यूबलाइटवर.

मग फोकस. ऑटोफोकसला भाव कळत नाही, त्याला ठळक कडा लागतात. धूप पेटला की सगळंच धूसर. मग तो पुढे-मागे, पुढे-मागे चाचपडत बसतो, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या आजोबांसारखा. चौथ्या दिवशी कुणीतरी हौसेने मखरापुढे झेंडूचं तोरण बांधलं. मी आदल्या दिवशी ठरवलेला प्रीसेट १ (म्हणजे कॅमेऱ्याच्या लक्षात ठेवलेली बाप्पांची जागा) दाबला. झेंडूची पाकळी न् पाकळी स्वच्छ, मागे शेंदरी ढग. न्यू जर्सीहून मेसेज आला, ‘झेंडू मस्त! गणपती कुठे बसवलाय?’

शेवटी वैतागून ऑटो ट्रॅकिंग लावलं आणि चहा प्यायला गेलो. हे ट्रॅकिंग हलणाऱ्या माणसाच्या मागे जातं. आता मूर्ती कशाला हलतेय! कॅमेऱ्याने मोदकांचं ताट घेऊन निघालेल्या काकूंना धरलं आणि रांगेतून, खांबामागून, अगदी निष्ठेने पाठलाग करत थेट चेअरमनकाकांपाशी पोचला. तिथे ताट थांबलं. कॅमेराही थांबला. काकांना मधुमेह आहे. त्यांनी एक उचलला, इकडेतिकडे पाहिलं, दुसरा उचलला. तिसऱ्याला फोकस इतका अप्रतिम बसला होता की मोदकाच्या कळ्या मोजता आल्या असत्या.

त्यांची मुलगी डॉक्टर आहे, मेलबर्नला. तिचा फोन आरती संपायच्या आत आला.

‘‘अरे,’’ काका रात्री मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘‘ते पंखा दाखवायचास ना, तेच बरं होतं.’’