सुट्टे, स्क्रीन आणि साडेबारा टक्के

ठाण्यात टिप देणं कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. राम मारुती रोडवरच्या एखाद्या हॉटेलात जेवण होतं, बडीशेप-खडीसाखरेच्या ताटलीखाली दाबलेलं बिल येतं. सहाशे चाळीस. सातशे ठेवायचे, साठ परत येतात, त्यातले चाळीस उचलायचे, वीस तिथेच राहू द्यायचे आणि उठता उठता बडीशेपेचा दुसरा बकाणा भरायचा. "अहो, जास्त नाही ना ठेवले?" एवढंच काय ते ऑडिट. टक्केवारी कुणी काढत नाही. काढली तर तीन टक्के निघेल आणि उगाच वाईट वाटेल. यूपीआय आल्यापासून तर तेही संपलं. सहाशे चाळीस म्हणजे सहाशे चाळीस. सुट्टे उरतच नाहीत, त्यामुळे उरलेले सुट्टे सोडून देण्याचं औदार्यही दाखवता येत नाही.

या तालमीत तयार झालेला माणूस परदेशी निघतो तेव्हा पासपोर्ट, विमा, मेथीच्या दशम्या सगळं जय्यत असतं. बिल आल्यावर काय करायचं, एवढं मात्र ठरलेलं नसतं. माझं म्हणणं असं, की खिशात हात घालण्याआधी बिल खालून वर वाचावं. टिप कुठे पदार्थाच्या किमतीतच मुरलेली असते, कुठे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात बसलेली असते, कुठे वेटरच्या नजरेत असते आणि कुठे मुळातच नसते. न बघता दिली तर ती दोनदा तरी जाते, नाहीतर एकदाही जात नाही.

सगळ्यात जास्त घाम अमेरिकेत फुटतो. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आईबाबा मुलासुनेबरोबर मॅनहॅटनला जेवायला बसतात. मेनूकार्डावरून बाबांनी मनातल्या मनात बेरीज करून ठेवलेली असते, ८० डॉलर. बिल येतं ८७.१० डॉलरचं, कारण न्यूयॉर्क शहरातला ८.८७५ टक्के सेल्स टॅक्स मेनूतल्या किमतीत धरलेला नसतो. आणि त्यावर अजून टिप व्हायचीच असते.

"बाबा, सोळा डॉलर ठेवावे लागतील."

"सोळा? म्हणजे चौदाशे रुपये! चौदाशेत आपल्याकडे चौघं जेवून वर पान खातात."

"बाबा, हळू बोला. वेटर नाशिकचा आहे."

तर हिशेब असा. बसून जेवायचं आणि कुणी आणून वाढायचं असेल, तर तिथला रिवाज १८ ते २० टक्क्यांचा. पंधरा दिले तरी कुणी अडवत नाही, पण तुम्हाला काहीतरी आवडलं नाही असा त्याचा अर्थ घेतला जातो. टक्केवारी टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढावी. बिलाच्या तळाशी 'सोयीसाठी' छापलेले १८, २०, २२ चे आकडे पुष्कळदा टॅक्ससकट रकमेवर काढलेले असतात. आपल्या बिलात २० टक्क्यांचे १६ ऐवजी १७.४२ होतात. प्रश्न दीड डॉलरचा नाही, तत्त्वाचा आहे, आणि तत्त्वाचा मुद्दा सोडेल तो सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेला ठाणेकर कसला! न्यूयॉर्क शहरात तोंडी हिशेबाची युक्ती सोपी आहे: टॅक्सचा आकडा दुप्पट करायचा. ७.१० चे १४.२०, म्हणजे पावणेअठरा टक्के, वर थोडे टाकले की झालं. हीच युक्ती न्यू जर्सीत केली तर फसते. तिथला टॅक्स ६.६२५ टक्के, दुप्पट करून जेमतेम सव्वातेरा होतात.

एवढे का द्यायचे, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने पदरचा द्यायचा किमान पगार आहे तासाला २.१३ डॉलर. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. टिप धरून तासाला ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा. पुष्कळ राज्यांनी आपापला आकडा वाढवला आहे, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत तर हा कमी दर चालतच नाही, पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. म्हणून तिथे लोक कमी टिप ठेवतात का? नाही. आता सगळ्यांनाच वीसची सवय लागलेली आहे.

खरी परीक्षा सहीच्या कागदावर होते. वेटर कार्ड घेऊन आत जातो (इथे बाबांचा श्वास अडकतो, कारण आपल्याकडे कार्ड नजरेआड होऊ द्यायचं नाही असं बँकेने बजावलेलं असतं) आणि दोन पावत्या घेऊन येतो. एक आपली, एक त्यांची. त्यांच्या पावतीवर टिपची आणि एकूण रकमेची अशा दोन ओळी कोऱ्या असतात. टिपच्या ओळीवर १६.००, खाली १०३.१०, मग सही. टिप रोख ठेवणार असाल तर वरच्या ओळीवर आडवी रेघ मारून खाली ८७.१० लिहायचं. कोरी जागा सोडायची नाही. मोबाइलवर बँकेचा मेसेज ८७.१० चाच आलेला असतो, कारण कार्ड टिप लिहिण्याआधी घासलेलं असतं. स्टेटमेंटमध्ये रक्कम १०३.१० दिसते. त्यावरून बँकेला 'फ्रॉड झाला' म्हणून फोन करणारे सासरे असतात. आपली पावती जपून ठेवावी, ती यासाठीच.

आणि आता सापळा. मोठ्या टोळक्याच्या बिलात पुष्कळ ठिकाणी १८ किंवा २० टक्के आधीच लावलेले असतात, आणि टोळकं बहुतेक सहापासून पुढे मोजतात. आईबाबा, मुलगा, सून, दोन नातवंडं: मोजा. गंमत म्हणजे ते लावल्यावरही पावतीवर टिपची ओळ कोरीच असते. ती भरली की दुहेरी टिप गेली. शिवाय सक्तीने लावलेला सर्व्हिस चार्ज हा तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप नव्हे. तो मालकाचा पैसा, त्यातलं वेटरला किती द्यायचं हे मालक ठरवतो. टिपला मात्र मालकाला किंवा मॅनेजरला हात लावता येत नाही. म्हणून अशा बिलावर वेटरला सरळ विचारावं, हे तुम्हाला मिळतात का? विचारण्यात काही गैर मानत नाहीत.

काउंटरवर कॉफी घेतली तर मुलगी टॅबलेट गर्रकन आपल्याकडे वळवते आणि छताकडे बघत उभी राहते. समोर २०, २५, ३० असे तीन ठसठशीत चौकोन, आणि टिप न देण्याचा पर्याय खाली कोपऱ्यात, चष्मा लागेल एवढा. मागे रांग. इथे शांतपणे चष्मा लावावा. स्वतः उभं राहून, स्वतः उचलून नेलेल्या कॉफीवर टिप बंधनकारक नाही आणि तिथले लोकही ती सर्रास टाळतात.

सिंगापूरला अशी नजरानजर नाही, पण मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. बारीक. दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या आपल्या मंडळींना ती छपाईतली चूक वाटते. पहिलं चिन्ह १० टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं ९ टक्के जीएसटीचं, आणि तो जीएसटी सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. १०० डॉलरचे आधी ११०, मग ११९.९०. थायलंडमध्ये तीच रीत, दर १० आणि ७, म्हणजे शंभरचे ११७.७०. हे दिल्यावर वेगळी टिप कुणी अपेक्षित धरत नाही. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या ठेल्यांच्या मंडईत, खाल्लं तर दोन्ही अधिक चिन्हं गायब, फक्त ट्रे स्वतः उचलून नेऊन ठेवायचा. नाही ठेवला तर २०२१ पासून त्याचा दंड आहे.

आपल्याकडे कांदा-लिंबू, चटणी, लोणचं न मागता येतं आणि फुकट असतं. हा संस्कार परदेशात महाग पडतो. सिंगापूरच्या चिनी हॉटेलात बसल्याबरोबर शेंगदाण्यांची वाटी आणि ओले रुमाल ठेवतात. दोन्ही बिलात लागतात. नको असतील तर हात लावायच्या आत परत करायचे. पोर्तुगालमध्ये ब्रेड, ऑलिव्ह, चीज येतं, तेही खाल्लंत तर पैसे, नाही खाल्लंत तर नाही. इटलीत कोपेर्तो नावाची माणशी आकारणी असते, दीड ते तीन युरो. ही टेबलाशी बसल्याची, खाल्ल्या-न खाल्ल्याशी संबंध नाही. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे कोपेर्तो लावायला मनाई आहे, म्हणून तिथल्या बिलावर ब्रेडचे पैसे दिसतात. जपानच्या इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू-खाण्याच्या अड्ड्यावर, पेयाबरोबर एक लहानशी वाटी येते, ओतोशी, माणशी ३०० ते ५०० येन. ती परत होत नाही. शाकाहारी माणसाने आधीच सांगून बघावं, कारण वाटीत काय येईल ते स्वयंपाकी ठरवतो आणि त्यात मासा असण्याचा संभव दांडगा.

लंडनमध्ये बिलाच्या तळाशी १२.५ टक्के 'ऐच्छिक' सर्व्हिस चार्ज लावून येतो. ६४ पौंडांचे ७२. ऐच्छिक असल्याने काढून टाका म्हणता येतं, कारण द्यावं लागत नाही. एकच वाक्य: "कॅन यू टेक द सर्व्हिस चार्ज ऑफ, प्लीज?" पण जेवण नीट झालं असेल तर राहू द्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मालकाला तो कामगारांमध्येच वाटावा लागतो, मधे काही कापता येत नाही. नंतर कार्डाच्या मशिनने पुन्हा टिप विचारली तर मात्र खुशाल 'नो' दाबावं. पबमध्ये बारवरून स्वतः ग्लास आणला तर कसलीच टिप नाही.

फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेनूतल्या किमतीतच असतात, कायद्याने. वर एक-दोन युरोची नाणी ठेवली तर खूश, नाही ठेवली तरी कुणी मागे लागत नाही. तिथे पैसे जातात ते पाण्यात. 'साधं की बिसलेरी' हा आपला प्रश्न तिथे उलटा, आपण विचारायचा: "काराफ दो" म्हटलं की नळाच्या पाण्याची सुरई फुकट येते, नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली.

जर्मनीची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण तिथे तोंड उघडावं लागतं. बिल २७.४० युरो. वेटर पाकीट घेऊन समोर उभा. तुम्ही पैसे देताना आकडा सांगायचा, "थर्टी". तो तीसच घेतो, वरचे त्याचे. पाच ते दहा टक्के पुरे. आपल्यासारखे सुट्टे घेऊन मग टेबलावर ठेवून निघून जायची तिथे रीत नाही. त्याआधी तो विचारतो, एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं तर प्रत्येकाचं सूप, प्रत्येकाची बिअर आठवून माणशी हिशेब करतो, न वैतागता. घंटाळीला भेटलेल्या शाळूसोबत्यांचा "आज मी देणार", "माझी शपथ आहे" हा जो पाऊण तासाचा शेवटचा अंक असतो, तो तिथे दीड मिनिटात आटोपतो.

जपानमध्ये टिप ठेवूच नका. शंभर येनचं नाणं टेबलावर ठेवून निघालात तर वेटर ते घेऊन धावत येईल, तुम्ही विसरलात म्हणून, आणि वर कमरेत वाकून. पैसे टेबलावर नव्हे, दाराजवळच्या गल्ल्यावर, छोट्या ट्रेमध्ये ठेवून द्यायचे.

एवढं सगळं परदेशात मुकाट्याने भरणारा माणूस मॉलमधल्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज दिसला की मॅनेजरला बोलावतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बिलात तो आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. मॅनेजर ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच टक्के जीएसटी मात्र द्यायचाच, तो काढून टाका म्हणून भांडणारेही मी पाहिले आहेत.

निघण्याआधी दोन कामं. नौपाड्यातला एक्स्चेंजवाला डॉलर देताना शंभराच्या नोटा पुढे करतो. त्याच्याकडे हट्टाने एक आणि पाचच्या नोटा मागाव्यात. हॉटेलच्या खोलीत सफाई करणाऱ्या बाईंसाठी रोजचे दोन ते पाच डॉलर उशीजवळ ठेवायचे असतात आणि शंभराची मोड कुणी आणून देत नाही. रोज ठेवायचे, शेवटच्या दिवशी एकरकमी नव्हे, कारण रोज येणारी बाई तीच असेल असं नसतं. दुसरं, गटाबरोबर जाणार असाल तर सहलीच्या पत्रकातला 'समाविष्ट नाही' हा भाग वाचावा. ड्रायव्हर आणि गाइडची टिप माणशी, दिवसागणिक, तिथेच लपलेली असते. कार्डाच्या मशिनने 'रुपयांत देणार?' असं प्रेमाने विचारलं तर नाही म्हणावं. तो दर मशिनवाला स्वतःला सोयीचा लावतो. जिथे बसलो आहोत तिथल्याच चलनात द्यावं.

उरलेली नाणी परत आणून उपयोग नाही. एक्स्चेंजवाला नोटा घेतो, नाणी घेत नाही, आणि घरी ती देवघराच्या खणात जाऊन पडतात. त्यामुळे विमानतळावरच्या शेवटच्या कॉफीच्या काउंटरवर ठाणेकराची टिप चांगली पस्तीस-चाळीस टक्क्यांवर जाते, आणि काउंटरवरच्या त्या मुलीला वाटतं, हे भारतातले लोक किती दिलदार!